पागे यांचा हमीचा हिशेब

पगारपत्रकाच्या एका बाजूला जमा आणि दुसऱ्या बाजूला वजावट असते. आपण पांढरपेशे लोक जमेची बाजू एकदा वाचतो आणि वजावटीची तीनदा. भविष्यनिर्वाह निधी, विमा, पतसंस्थेचा हप्ता, आयकर, या प्रत्येक रकमेशी आपले काही ना काही जुने भांडण असते. मात्र त्याच रांगेत एक रक्कम अशी बसलेली असते की तिच्याशी कोणी भांडत नाही, कारण ती भांडण्याइतकी मोठीच नसते. महिन्याला दोनशे रुपये आणि फेब्रुवारीत तीनशे. नाव ‘व्यवसाय कर’. फेब्रुवारीतच शंभर रुपये जास्त का, हा प्रश्न आमच्या स्टाफरूममध्ये दरवर्षी एकदा निघतो. वर्षाचे अडीच हजार बारा महिन्यांत सारखे वाटता येत नाहीत, म्हणून शेवटचा तुकडा फेब्रुवारीच्या पदरात पडतो, असे कोणीतरी सांगते. मग चहा येतो आणि विषय संपतो.

हा कर कशासाठी बसवला, हे मात्र कोणी विचारत नाही. मी दोन-तीन सहकाऱ्यांना मुद्दाम विचारून पाहिले. एकाने ‘महापालिकेसाठी असेल’ असे सांगितले, दुसऱ्याने ‘सरकारसाठी’ असे सांगून प्रश्नच मिटवला. खरी गोष्ट अशी आहे की १९७५ साली महाराष्ट्रात हा कर आला तो खेड्यातल्या बिनकामाच्या मजुराला काम देण्यासाठी. शहरातल्या नोकरदाराने वर्षाकाठी थोडे पैसे द्यावे, सरकारने त्यात तेवढीच भर घालावी आणि त्या पैशातून खेड्यात जो मागेल त्याला काम मिळावे, असा तो व्यवहार होता. त्याच्या मुळाशी एक वकील गृहस्थ होते. त्यांचे नाव विठ्ठल सखाराम पागे. लोक त्यांना वि. स. पागे म्हणून ओळखत. १९६० पासून १९७८ पर्यंत, म्हणजे सलग अठरा वर्षे, ते महाराष्ट्र विधानपरिषदेचे सभापती होते.

पागे सांगली जिल्ह्यातले आणि मी हे लिहितो आहे वर्ध्याजवळच्या नालवाडीतून. मधे सारा महाराष्ट्र पडला आहे. तरी या प्रश्नाशी नालवाडीचा संबंध जुना आहे, म्हणून आधी दोन शब्द आमच्या गावाविषयी.

नालवाडी आज वर्धा शहराला इतकी लागून आहे की नव्या माणसाला गाव कुठे संपते आणि शहर कुठे सुरू होते हे सांगता यायचे नाही. १९३२ च्या अखेरीस विनोबा येथे येऊन राहिले ते दलित वस्तीच्या शेजारी राहायचे म्हणून. पुढे १९३४ मध्ये ग्रामसेवा मंडळ निघाले, १९३५ मध्ये चर्मालय निघाले. त्याच काळात विनोबांनी येथे एक प्रयोग केला. दिवसभर सूत कातायचे आणि त्याची जी बाजारी मजुरी होईल तेवढ्यातच जगायचे. दानाचा पैसा नाही, संस्थेचा पैसा नाही. विनोबांसारखा हिशेबी आणि काटेकोर माणूस आठ-आठ तास चरख्यावर बसला, तरी त्या मजुरीत पोट नीट भरेना. गांधीजींनी त्याच सुमारास, १९३५ साली, कातणाऱ्याला पोटापुरती मजुरी मिळालीच पाहिजे असा आग्रह चरखा संघाकडे धरला होता. खादी त्यामुळे महाग होईल आणि कोणी घेणार नाही, ही भीती चरखा संघातल्या व्यवहारी माणसांनाही वाटत होती. १९३८ मध्ये विनोबा पवनारला गेले तेव्हा त्यांची प्रकृती पार खालावलेली होती.

त्या प्रयोगातून जो प्रश्न उभा राहिला तो साधा होता. अंगमेहनत करायला माणूस तयार आहे. त्याला काम आणि पोटापुरती मजुरी देण्याची जबाबदारी कोणाची? विनोबांनी तो स्वतःच्या देहावर तपासला. तीस वर्षांनी पागे यांनी तोच प्रश्न उचलून राज्याच्या खजिन्यापुढे नेला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी थेट दुवा आहे, असा माझा दावा नाही. पण नालवाडीत राहणाऱ्याला पागे यांची हकीकत वाचताना चरख्याचा आवाज ऐकू आल्यावाचून राहत नाही.

आता पागे जेथे बसत त्या खुर्चीविषयी. ही खुर्ची समजल्याशिवाय या कामातली मौज कळणार नाही.

आपल्या राज्यात विधिमंडळाची दोन सभागृहे आहेत. विधानसभेच्या प्रमुखाला अध्यक्ष म्हणतात आणि विधानपरिषदेच्या प्रमुखाला सभापती. मान दोघांना सारखा. पण पैशाच्या बाबतीत राज्यघटनेने परिषदेचे हात जवळजवळ बांधून ठेवले आहेत. अर्थसंकल्प दोन्ही सभागृहांपुढे मांडला जातो, चर्चा दोन्हीकडे होते. परंतु खात्याखात्याच्या मागण्यांवर मतदान करण्याचा अधिकार फक्त विधानसभेला आहे. धनविधेयक परिषदेत मांडताच येत नाही. विधानसभेने ते मंजूर करून पाठवले की परिषदेने चौदा दिवसांत आपल्या शिफारशींसह ते परत करायचे. त्या शिफारशी मानायच्या की नाही, हे विधानसभेने ठरवायचे. चौदा दिवसांत परत केले नाही तरी ते मंजूर झाले असेच समजतात. थोडक्यात, घरातल्या वडीलधाऱ्या आजोबांना बाजाराची यादी दाखवावी, त्यांनी चष्मा लावून ती वाचावी, ‘गूळ जरा जास्त वाटतो’ असे म्हणावे आणि सुनेने मान डोलावून हवे तेच आणावे, त्यातला हा प्रकार.

शिवाय राज्याच्या तिजोरीतून खर्च होणार असेल असे विधेयक राज्यपालांच्या शिफारशीवाचून विचारात घेता येत नाही. म्हणजे व्यवहारात मंत्रिमंडळाची इच्छा असल्याखेरीज कोणत्याही साध्या सदस्याला खर्चाचे विधेयक तडीस नेता येत नाही. आणि सभापतीचे हात तर सदस्यापेक्षाही बांधलेले. त्याने वादात पडायचे नाही, पक्ष घ्यायचा नाही, मतेही दोन्ही बाजूंना समान पडली तरच द्यायची. अशा खुर्चीवर बसलेल्या माणसाने राज्याच्या खजिन्यावरचा एक फार मोठा कायमचा भार मंजूर करून घेतला. तो कसा?

पागे यांच्याजवळ पैशाचा अधिकार नव्हता. पत्र लिहिण्याचा होता, आणि ते चिकाटीने लिहिणारे गृहस्थ होते. रोजगार हमीच्या जन्माची जी गोष्ट सांगतात ती अशी. पागे यांची शेती सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात विसापूरला. तिथला कारभार त्यांच्या पत्नी प्रभाताई पाहत. एकदा पागे यांनी त्यांना विचारले की तुझ्या हाती सातशे रुपये दिले तर किती माणसांना किती दिवस काम देता येईल? प्रभाताईंनी हिशेब सांगितला की पंधरा माणसांना वीस दिवस. भागाकार करून पाहिला तर दर माणशी दिवसाला सव्वादोन रुपयांच्या थोडे वर पडतात. त्या वेळच्या मजुरीशी तो जुळतो. पागे यांनी तो घरगुती हिशेब गावावरून तालुक्याला आणि तालुक्यावरून राज्याला लावून पाहिला आणि मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांना पत्र लिहिले.

या गोष्टीत माझ्या मते लक्षात घेण्यासारखी बाब सातशे रुपयांची नाही. राज्याच्या अर्थखात्यात हिशेबाला माणसे कमी नव्हती. पण अर्थखाते हिशेब करते तो उलट्या दिशेने: आमच्याकडे अमुक इतके पैसे आहेत, त्यांत जेवढ्यांना काम देता येईल तेवढ्यांना देऊ, उरलेल्यांनी पुढच्या वर्षी यावे. पागे यांनी माणसापासून सुरुवात केली. दारात उभे किती आहेत ते आधी मोजा, मग पैसे किती लागतील ते काढा. प्रभाताई शेतावर रोज सकाळी नेमके तेच करत असणार.

१९६५ साली विसापूर परिसरात या कल्पनेचा पहिला प्रयोग झाला. शेतीच्या विकासाला जोडून काम देण्याची ती योजना होती. काम मागणाऱ्याला काम द्यायचे, पण ते नुसते खड्डे खणून पुन्हा बुजवण्याचे नसावे, जमिनीला उपयोगी पडणारे असावे, हे सूत्र तेव्हापासूनचे आहे. बांधबंदिस्ती, विहिरी, नाल्यांवरचे बांध, रस्ते ही त्यातली कामे. पुढे १९७२ च्या महाराष्ट्रदिनी नाईक सरकारने पंधरा कलमी कार्यक्रम जाहीर केला त्यात रोजगार हमीला जागा मिळाली.

आणि पाऊसच आला नाही.

१९७२-७३ च्या दुष्काळाविषयी नव्याने काय सांगावे? ज्यांच्या घरात साठीपुढची माणसे आहेत त्यांनी त्यांना ‘मिलो’ आणि ‘सुकडी’ हे दोन शब्द ऐकवून पाहावेत. परदेशातून आलेली ती लाल ज्वारी आणि दुष्काळी कामांवर वाटली जाणारी ती सुकडी, यांची चव त्या पिढीच्या जिभेवरून अजून गेलेली नाही. खडी फोडण्याच्या कामांवर माणसांच्या रांगा लागल्या. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर रोज हजर असणाऱ्यांचा आकडा पन्नास लाखांच्या घरात गेला होता. एवढ्या मोठ्या अवर्षणात मुंबई इलाख्याच्या जुन्या दुष्काळांसारखी मनुष्यहानी झाली नाही, याचे मोठे श्रेय या कामांना अभ्यासकांनी दिले आहे.

रोजगार हमीची योजना त्या वेळी दुष्काळी कामांतच विरघळून गेली. दुष्काळ सरल्यावर मात्र खरी परीक्षा आली. दुष्काळात पैसे देणे सोपे असते. वर्तमानपत्रांत छायाचित्रे येत असतात, केंद्राकडून मदत येत असते आणि सभागृहात पुरवणी मागण्यांना कोणी विरोध करीत नाही. चांगला पाऊस झालेल्या वर्षी, सुगी संपल्यावर, मार्च-एप्रिलात ज्या भूमिहीन बाईच्या हाताला काम नसते तिच्यासाठी पैसे मागणे कठीण. तिचे छायाचित्र कोणी काढीत नाही. १९७४ मध्ये योजना पुन्हा मार्गी लागली तेव्हा प्रश्न सरळ होता: दुष्काळ नसलेल्या वर्षी यासाठी पैसे कोठून?

येथे थोडे थांबून सरकारी पैशाची रीत सांगितली पाहिजे. विधानसभा दरवर्षी खर्च मंजूर करते तो एका वर्षापुरता. मागण्या मंजूर होतात, त्यांवर विनियोजन विधेयक होते, तेव्हा कुठे तिजोरीतून पैसा काढता येतो. आणि ३१ मार्चला न खर्चलेला पैसा परत जातो. दुसऱ्या वर्षी पुन्हा सारे पहिल्यापासून. पुढच्या वर्षी अर्थमंत्री बदलला, धरण महत्त्वाचे वाटले, कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता वाढवावा लागला, की जी बाब कोणाच्या डोळ्यांवर येत नाही तिच्यावर कात्री चालते. ही कात्री चालवणारी माणसे दुष्ट असतात असे नव्हे; बेरीज जुळवावी लागते. पण ‘हमी’ हा शब्द असा आहे की तो बेरजेत बसवता येत नाही. तो मुळात जामीनकीचा शब्द. जुन्या दस्तऐवजांत कोणाची तरी हमी घेतली म्हणजे तो माणूस बुडाला तर पैसे तुम्ही भरायचे, तुमच्याकडे त्या दिवशी असोत की नसोत. मराठीचा अध्यापक म्हणून मला या शब्दाच्या निवडीचे कौतुक वाटते. मदत, साहाय्य, कल्याण, अनुदान असे मोकळेढाकळे शब्द पुष्कळ होते. ‘रोजगार हमी’ म्हणताना सरकारने स्वतःला जामीन ठेवले.

जामिनाला मालमत्ता लागते. ती उभी केली १९७५ च्या करांनी. व्यवसाय, व्यापार, पेशे आणि नोकऱ्या यांवरचा कर हा त्यातला मुख्य. राज्यघटनेने या कराला वर्षाला अडीचशे रुपयांची मर्यादा घातलेली होती. ती १९८८ च्या घटनादुरुस्तीने अडीच हजारांवर गेली, आणि तेथेच ती आजवर थांबली आहे. त्याखेरीज विक्रीकरावर वाढ झाली, मोटारगाड्यांच्या करात भर पडली, बागायती जमिनीवर विशेष आकार बसला आणि शहरांतल्या बिगरनिवासी इमारतींवर रोजगार हमी उपकर आला. दुकानाचे किंवा कचेरीचे मालमत्ता कराचे बिल पाहिले तर शिक्षण कराच्या खाली तो उपकर अजून सापडतो. १९६२ च्या शिक्षण उपकराच्या कायद्यातच त्याची भर घातली गेली. हा सारा पैसा एका स्वतंत्र निधीकडे वळवायचा आणि करांतून जेवढी निव्वळ रक्कम जमेल तेवढीच राज्याने आपल्या बाजूने त्यात घालायची, अशी ती व्यवस्था.

या व्यवस्थेतली चतुराई पाहण्यासारखी आहे. साधारणपणे शहरातला माणूस खेड्यासाठी कर द्यायला तयार नसतो आणि बागायतदार भूमिहीनासाठी द्यायला तयार नसतो. येथे दोघांकडूनही घेतले, पण प्रत्येकाकडून इतके थोडे घेतले की कोणाला मोर्चा काढावासा वाटला नाही. प्रत्येकाला त्यात आपला काही लाभही दिसत होता. १९७२ च्या दुष्काळात मुंबई-पुण्याच्या फुटपाथांवर खेड्यांतून आलेली कुटुंबे शहरांनी पाहिली होती. खेड्यात काम मिळाले तर हे लोंढे थांबतील, हा विचार शहरी आमदाराला पटण्यासारखा होता. बागायतदाराला दिसत होते ते पाझर तलाव, त्याच्या विहिरीचे पाणी वाढवणारे. पुढे टीकाकारांनी हेच नेमके बोट ठेवले की मजुराला घाम आणि मजुरी मिळाली, जमीनवाल्याला पाणी मिळाले. टीका खोटी नाही. पण जमीनवाल्यांचे वजन असलेल्या विधिमंडळात भूमिहीनांसाठी कायमचा निधी मंजूर करून घ्यायचा तर असला सौदा करावाच लागला असता, असे मला वाटते. निव्वळ भूतदयेवर विसंबून राहिले असते तर योजना दोन अर्थसंकल्पांपलीकडे गेली नसती.

निधी झाला, तरी पागे यांचे समाधान नव्हते. निधी काय किंवा योजना काय, सरकारी आदेशावर चालते; एक आदेश काढून सुरू केलेली गोष्ट दुसरा आदेश काढून बंद करता येते. म्हणून कायदा हवा. १९७७ साली महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम विधिमंडळाने मंजूर केला, आणि तो एकमताने. त्या वर्षीचे राजकारण आठवा. आणीबाणी नुकतीच उठली होती, केंद्रात सत्ता पालटली होती, सभागृहात विरोधी बाके तापलेली होती. अशा काळात एकमत होणे ही साधी गोष्ट नव्हे. १९६५ पासूनची बारा वर्षे ज्या सभापतींनी दोन्ही बाजूंशी गोडीने राहून हा विषय लावून धरला, त्यांच्या खुर्चीची मर्यादा येथे उपयोगी पडली असावी. जो कोणत्याच पक्षाच्या वतीने बोलत नाही त्याच्या मागणीला विरोध करणे कोणत्याच पक्षाला सोपे नसते.

या बारा वर्षांत मुख्यमंत्री बदलत गेले. कल्पना रुजली वसंतराव नाईकांच्या वेळी. मग शंकरराव चव्हाण आले. कायदा मंजूर झाला तेव्हा वसंतदादा पाटील होते. आणि २६ जानेवारी १९७९ रोजी तो अमलात आला तेव्हा शरद पवार. पागे त्याआधीच, १९७८ मध्ये, सभापतिपदावरून उतरले होते. आपले विधेयक कायदा म्हणून लागू झालेला दिवस त्यांनी खुर्चीवरून पाहिला नाही. १९९० च्या मार्चमध्ये ते वारले.

कायद्यात काय होते ते थोडक्यात सांगतो. खेड्यातल्या कोणाही प्रौढ माणसाने नाव नोंदवावे आणि काम मागावे. मागणीपासून पंधरा दिवसांत काम द्यायचे. न दिल्यास बेकारी भत्ता द्यायचा, दिवसाला निदान एक रुपया. काम शक्यतो गावापासून पाच किलोमीटरच्या आत हवे. ठेकेदार नको, यंत्रे नकोत. खर्चातले निदान साठ टक्के मजुरीवरच गेले पाहिजेत. पुरुष आणि बाई यांना कामाच्या मापाने सारखीच मजुरी. कामावर पाणी, सावली, लेकरांसाठी पाळणाघर. वर्षाला किती दिवस, याला मर्यादा नव्हती. ३६५ दिवस मागा, ३६५ दिवस द्यायचे. एका सुभाषितप्रिय देशात असले शब्द पुष्कळदा लिहिले जातात. पण येथे त्यांच्यामागे निधी बांधलेला होता आणि ‘देण्यात येईल’ हे सरकारवर बंधन होते.

बायकांनी या कायद्याचा जेवढा उपयोग केला तेवढा कोणी केला नसेल. पुष्कळ कामांवर त्यांची संख्या निम्म्याच्या आसपास असे. पाटलाच्या शेतावर पाटील ठरवील ती मजुरी. येथे टोपल्या मोजून मजुरी, आणि ती तिच्या स्वतःच्या नावावर मस्टरमध्ये लिहिलेली. ‘मस्टर’ हा इंग्रजी शब्द खेड्यातल्या अक्षरओळख नसलेल्या बाईच्या तोंडी इतका सहज बसला आहे की त्याला मराठी प्रतिशब्द सुचवण्याचे धाडस मी करणार नाही.

याच मस्टरमध्ये खोटी नावे भरली गेली, मेलेली माणसे टोपल्या वाहू लागली, इंजिनिअर आणि मुकादम यांनी मिळून बंधारे कागदावर बांधले, हेही खरे. सभागृहात त्यावर वर्षानुवर्षे प्रश्न विचारले गेले. दुसरे दुखणे अधिक सभ्य आणि म्हणूनच अधिक घातक. कर ठरल्याप्रमाणे जमत राहिले, आपल्या पगारातून कापले जात राहिले. पण तेवढा पैसा त्या कामावर खर्च झाला नाही. १९८८ मध्ये मजुरीचे दर किमान वेतनाच्या बरोबरीने वाढवावे लागले. मजुरी साधारण दुप्पट झाली, आणि त्याच सुमारास कामांवरची हजेरी घसरली. मजुरांना वाढीव मजुरी नको होती, असे कोणी म्हणणार नाही. कामे काढणारा हात आखडला गेला. हमी कायद्यात जशीच्या तशी राहिली, नवी कामे मात्र निघेनात. १९९० पासून खासगी शेतावर फळबागा आणि विहिरी यांसाठी या योजनेचा पैसा मोकळा झाला. त्यातून डाळिंबाच्या, आंब्याच्या, संत्र्याच्या बागा उभ्या राहिल्या. त्या बागा चांगल्या आहेत. पण ज्याला जमीनच नाही त्याच्या नावाने जमलेल्या पैशाचा तो उपयोग पाहून पागे काय म्हणाले असते, हा प्रश्न मनात येतोच.

२००५ साली संसदेने देशभरासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होता. तो कायदा कुटुंबाला वर्षाला शंभर दिवसांचा. आपल्या राज्याने शंभर दिवसांपर्यंत केंद्राचा पैसा घ्यायचा आणि त्यापुढचे दिवस आपल्या निधीतून द्यायचे असे ठरवले. केंद्राच्या त्या कायद्यात अंगमेहनतीच्या मजुरीचा सारा खर्च केंद्राचा होता, आणि कामाची मागणी येईल तसा पैसा द्यायचा हे तत्त्व होते. २०२५ च्या डिसेंबरात संसदेने त्याच्या जागी नवा कायदा केला. त्यात दिवस शंभराचे सव्वाशे केले आहेत. सोबत आणखी एक बदल आहे, त्याकडे वर्तमानपत्रांच्या मथळ्यांनी कमी लक्ष दिले. केंद्र प्रत्येक राज्याला किती पैसे देणार हे निकषांवर आधी ठरेल, सर्वसाधारण राज्यांना खर्चाचे चाळीस टक्के स्वतः उचलावे लागतील, आणि ठरलेल्या रकमेपुढे गेलेला खर्च राज्याने सोसायचा. पैसा किती ते आधी ठरणार आणि दारातली माणसे त्यात बसवायची, हाच तो उलटा हिशेब, जो विसापूरच्या शेतावर सुलटा करून पाहिला गेला होता. अशा वेळी ज्या राज्याकडे १९७५ पासूनचा स्वतःचा कर आणि स्वतःचा कायदा आहे त्याची जबाबदारी वाढते. तो पैसा मागून घेण्याची जागा सभागृह. हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्यांचे जाडजूड पुस्तक मांडले जाते, त्यात रोजगार हमीची ओळ शोधणारा आमदार कितीजणांना माहीत आहे? विधिमंडळाच्या प्रशिक्षण केंद्राला वि. स. पागे यांचेच नाव दिलेले आहे. नागपूरच्या अधिवेशनात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना कामकाज शिकवले जाते ते त्याच नावाखाली. आमच्याकडून जाऊन आलेल्या मुलांना कपात सूचना म्हणजे काय हे नीट सांगता येते. पागे कोण, हे विचारले की ती केंद्राच्या पाटीकडे बोट दाखवतात.

गेल्या उन्हाळ्यात आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात ओळखीच्या घरी गेलो होतो. तेथे एका म्हाताऱ्या बाईने मला एक प्लास्टिकची पिशवी उघडून दाखवली. आत घड्या पडलेल्या पावत्या होत्या, कामाच्या मागणीच्या. नमुना चार भरला की तारखेची पोच द्यावी लागते, आणि पंधरा दिवस मोजायचे ते त्या तारखेपासून. म्हणून कागद घेतात, पण तारीख टाकायला टाळतात, असे तिने सांगितले. काम आज नसले तर नसू द्या, पण तारीख टाका, असे म्हणत ती एकदा दुपारभर कचेरीच्या पायरीवर बसून राहिली होती. तिला अक्षरओळख नव्हती. कोणत्या पावतीवर तारीख आहे आणि कोणत्या पावतीवर नाही, हे मात्र तिने मला बोटाने बरोबर दाखवले. तारीख नसलेल्या तिने वेगळ्या गाठीत बांधून ठेवल्या होत्या.